परसातून : मिरचीचं बी रुजलं, मग आडवं का झालं?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की पाऊस ओसरायच्या आतच मिरचीचं बी घरात रुजवून ठेवा. त्या एका ओळीवर सतरा पत्रं आली. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी हंगामाच्या, भाजीवर मी पानंच्या पानं लिहिली तेव्हा दोन आली होती! सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. आणि आधीच सांगते, मी शेतकी शिकलेली नाही. म्हापशाला बँकेत एकतीस वर्षं कॅशच्या खिडकीमागे बसले. त्यामुळे बी मोजून पेरते आणि वहीत तारीख घालते. माझं ज्ञान त्या वहीपुरतं.

प्रश्न : काकी, आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. इंटरनेटवर बघून जानेवारीत मिरचीचं बी लावलं. तिथे 'शेवटच्या हिमाच्या आठ आठवडे आधी घरात पेरा' असं होतं. बियांना खालून ऊब देणारी विजेची चटईसुद्धा मागवली. चाळीस बियांतल्या तीन उगवल्या. बी जुनं होतं का?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : पर्वरीत हिम कधी पडतं ते मला कळवा, मी बघायला येईन.

थट्टा सोडा. तुम्ही वाचलेलं खोटं नाही, ते तुमच्यासाठी लिहिलेलं नाही, इतकंच. जिथे एप्रिलपर्यंत बाहेर गोठतं, तिथे मिरचीला वाढायला उन्हाळ्याचे जेमतेम चार-पाच महिने मिळतात. पेरल्यापासून लाल फळ हातात येईपर्यंत मिरची तेवढे महिने सहज खाते. म्हणून ती माणसं हिवाळ्यातच घरात, दिव्याखाली, चटईवर बी रुजवून घेतात. ती घरात शिरतात थंडीला भिऊन. आपण शिरतो पावसाला भिऊन. एवढं ध्यानात घेतलंत की त्यांचे निम्मे नियम बाजूला ठेवता येतात.

मिरचीच्या बीला मातीत २५ ते ३० अंश ऊब पुरते. १५ च्या खाली ते जवळजवळ हलत नाही आणि ३५ च्या वर उगवण घसरत जाते. तुमच्या फ्लॅटमध्ये जानेवारीतल्या दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश फुकट मिळतात. त्यावर तुम्ही चटई लावलीत. तिला थर्मोस्टॅट नसेल तर ती खोलीच्या वर आणखी आठ-दहा अंश चढवते. म्हणजे बी रुजत नव्हतं, शेकत होतं. चटई कपाटात ठेवा. सत्तरीत कुणी नातेवाईक असेल तर त्यांना द्या. वाळपईच्या वरच्या अंगाला डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं आखडतात, तिथे तिचा उपयोग होईल.

ऊब हवीच असेल तर फ्रिजच्या डोक्यावर ट्रे ठेवा. सेट-टॉप बॉक्सवर ठेवू नका. तोही छान गरम असतो, हा माझाच शोध. ट्रेखाली बशी ठेवायला विसरले, आणि ऐन मॅचच्या शेवटच्या षटकात टीव्ही काळा पडला. आमच्या घरात तो सामना कोण जिंकलं यावर आजही मला ऐकून घ्यावं लागतं.

आता पेरायचं कधी. गोव्यात मिरचीचे दोन हंगाम. एक पावसाळी, डोंगरउतारावरचा. काणकोणातल्या खोल नावाच्या गावची मिरची अशीच होते, मुसळधार पावसात, उतारावर, जिथे पाणी थांबत नाही. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही करायची तर मेच्या मध्यावर घरात बी पेरा आणि सांजांव सणाच्या सुमाराला, म्हणजे २४ जूनच्या मागेपुढे, रोपं बाहेर लावा. फ्लॅटवाल्यांनी याच्या नादी लागू नये. सपाट गच्चीवरच्या कुंड्यांत पावसाळी मिरची बुडून मरते.

तुमच्यासाठी दुसरा हंगाम. माझा हिशेब साधा आहे : अनंत चतुर्दशीला, बहुतेक गणपती गेल्यावर, पेरायचं आणि दिवाळी आटोपली, नरकासुर जळले, की लावायचं. मध्ये पंचेचाळीस-सेहेचाळीस दिवस पडतात. मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांत सहा पानांचं होतं, तेव्हा हे बरोबर बसतं. तोवर बाहेर एखादी सर येत राहते, म्हणून ते दिवस घरात काढायचे. एक धोका आहे. २०२० साली अधिक आश्विन आला, मी पंचांग न बघता नेहमीप्रमाणे पेरलं आणि दिवाळी यायला चौऱ्याहत्तर दिवस लागले. रोपं ट्रेमध्येच म्हातारी झाली, दोन-चारांना कळ्यासुद्धा आल्या. अशा कुपोषित कळ्या खुडाव्या लागतात. बँकेत असते तर हिशेबातल्या एवढ्या चुकीला मेमो मिळाला असता.

प्रश्न : काकी, मेच्या शेवटी मिरसांगेचं, म्हणजे आपल्या मिरचीचं, बी ट्रेमध्ये पेरलं. मातीत घरचं शेणखत भरपूर घातलं होतं. सगळं सुरेख उगवलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी बघते तर निम्मी रोपं मुळाशी कापल्यासारखी आडवी! गोगलगाय असेल म्हणून मीठ टाकलं, तर दुसऱ्या दिवशी उरलेलीही गेली. काय झालं?
– कुडचडे

उत्तर : बाई, गोगलगायीवर मीठ टाकलंत, पण पडलं ते रोपांच्या मुळांवर. उरलेली रोपं त्यानेच गेली असतील.

पहिली निम्मी मात्र गोगलगायीने खाल्लेली नाहीत. ओळखायची खूण सांगते. आडवं पडलेलं रोप उचला आणि मातीलगतचं खोड चष्मा लावून बघा. गोगलगाय किंवा रातकिडा असेल तर खोड कुरतडलेलं दिसतं, पानं खाल्लेली दिसतात, आणि गोगलगायीची तर पहाटे चकाकणारी चिकट रेघ असते. पानं मात्र हिरवीगार, शाबूत, आणि मातीला टेकतं तिथेच खोड भिजल्या सुतासारखं बारीक, तपकिरी झालेलं असेल, तर ती मर. कृषी खात्याची माणसं तिला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा नावांच्या बुरश्या मातीतच असतात. त्यांना हवं ते सगळं जूनमधल्या गोव्यात मिळतं : ओली माती, कोंदट हवा, ढगाळ आभाळ, दाट पेरलेली रोपं. पिथियमसारख्यांची बीजं तर चक्क पाण्यात पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून ती एका कोपऱ्यात सुरू होते आणि रात्रीत गोल पसरते.

आडवं पडलेलं रोप वाचत नाही, त्याला काठीचा आधार देत बसू नका. उभी असलेली लगेच दुसऱ्या कोरड्या मिश्रणात हलवा. ती माती पुन्हा बियांना वापरू नका, केळीच्या बुडाशी टाका.

पुढच्या वेळी शेणखत नको. बीच्या आत पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. दोन गोल बीजपत्रं उघडून वर खरी पानं येईपर्यंत त्याला बाहेरचं काही लागत नाही. अर्धवट कुजलेलं शेण म्हणजे बुरशीला पंगतीचं आमंत्रण. मी नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, दोन वाट्या आणि धुतलेली जाड वाळू एक वाटी, एवढंच घेते. विकतचं कोकोपीटही बादलीत भिजवून दोन-तीनदा पिळून टाका, पिळलेलं पाणी कोऱ्या चहासारखं गडद असतं ते फिकट होईपर्यंत. त्यात क्षार असतो. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा भुसा असेल तर फारच. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पूड शेतीच्या दुकानात मिळते, तीही मी चिमटी-दोन चिमटी मिसळते. पण ती आधी घालायची. रोपं पडल्यावर घातली तर घराला आग लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार.

आणि पाणी. सतरांतल्या अकरा पत्रांचं खरं उत्तर पाणी हेच आहे. वरून तांब्याने घालू नका. ताटलीत बोटभर पाणी घ्या, ट्रे त्यात वीस मिनिटं बसवा, खालून ओढू द्या, मग उचलून निथळवा. तेही सकाळी. पुन्हा कधी द्यायचं ते बोट खुपसून कळत नाही, कारण पावसाळ्यात वरचा थर कायम ओला भासतो. ट्रे हातात घेऊन वजन बघा. नोटांचं बंडल उचललं की दोन नोटा कमी आहेत हे आम्हाला मोजायच्या आधी कळायचं. तेवढी सवय तुम्हालाही आठवडाभरात होईल. ट्रे हलका लागला तरच पाणी. माझ्या वहीत जुलैमध्ये चार-चार दिवसांनी पाणी दिल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या वर्षी मर नाही.

वाराही हवा. छताचा पंखा सगळ्यांत कमी वेगावर दिवसातून दोन-तीन तास. माझी आजी करट्यांना, म्हणजे नारळाच्या करवंट्यांना, बुडाला भोक पाडून त्यात बी पेरायची आणि त्या सोप्यावर वाशाला टांगायची. आम्हाला वाटायचं मुंग्यांसाठी. मुंग्यांसाठी होतंच, पण चारी बाजूंनी वारा लागायचा, पाणी निथळून जायचं, आणि एका करटीतली मर दुसरीत जायची वाट नव्हती. आता मी ट्रेपेक्षा करट्याच जास्त वापरते.

प्रश्न : मडगावला चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकीत ठेवलेली रोपं सुतासारखी लांब होऊन काचेकडे वाकतात. खत कमी पडतंय का? – मडगाव

उत्तर : खत नको. उजेड नाही. पावसाळ्यातल्या खिडकीत आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, पण रोपाच्या दृष्टीने तो अंधारच. ते उजेड शोधत मान लांबवतं. साधी पांढरी वीस वॅटची एलईडी ट्यूब घ्या. 'झाडांचा खास दिवा' म्हणून विकतात तो जांभळा घेतला नाही तरी चालतं. रोपांच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर, किंवा त्याहून जरा खाली, टांगा आणि चौदा ते सोळा तास चालू ठेवा. छताला लावलेल्या ट्यूबचा उपयोग नाही. आमच्याकडे ट्यूब एका स्टुलाच्या खालच्या अंगाला बांधली आहे आणि रोपं स्टुलाखाली. शेजारीण म्हणते गणपतीची आरास अजून उतरवली नाही का.

जी लांबली आहेत त्यांना दुसऱ्या भांड्यात बीजपत्रांपर्यंत मातीत बसवा. त्याहून खोल नको, टोमॅटोसारखी मिरचीच्या खोडाला भराभर मुळं फुटत नाहीत. आणि दिवसातून एकदा शेंड्यांवरून हळूच हात फिरवा. याला काही लोक हसतात, पण हलवलेलं खोड जाड होतं.

प्रश्न : पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुक्या मिरच्या घेतो. त्यांचं बी रुजेल का? विकतच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडेल. – थिवी

उत्तर : रुजतं, सगळ्यांचं नाही. दोन वर्षांपूर्वी मीच करून बघितलं. प्रत्येकी वीस बिया. पेडण्याच्या बाजूच्या बाईकडून घेतलेल्या हरमल मिरचीच्या चौदा उगवल्या, काणकोणच्या अकरा, घाटावरून पोत्यातून आलेल्या लांब मिरचीच्या दोन. हरमलवाली बाई स्वतः पिकवणारी होती, मिरची त्याच हंगामातली आणि चटईवर वाळवलेली. पोत्यातली किती जुनी, कुठल्या शीतगृहात होती, कुठल्या भट्टीत वाळवली, काय ठाऊक. मिरचीचं बी घरात साधारण दोन-तीन वर्षं जिवंत राहतं. आपल्या दमट हवेत उघडं ठेवलं तर तेवढंही नाही. म्हणून विकणारीला भावाआधी हे विचारा : तुझ्याच शेतातली का, आणि यंदाची का? ती रागावली तर समजा घाटावरची.

उगवली तरी मिरची आईसारखीच निघेल याची हमी नाही. तिचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, पण मधमाशी शेजारच्या वाफ्यातून येऊन लग्न लावून जाते. शेजारी ढोबळी असेल तर नातवंडं वेगळी. संकरित पाकिटातल्या मिरचीचं बी धरून ठेवलंत तर हाच प्रकार, आणखी जोरात.

खरं तर सुकी मिरची कशाला? झाडावर पूर्ण लाल झालेली, दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीची एक चांगली मिरची घ्या. बी काढून आठ-दहा दिवस सावलीत वाळवा, पत्र्यावर कडक उन्हात नको. नखाने वाकवल्यावर वाकलं तर अजून ओलं, मोडलं तर वाळलं. काचेच्या छोट्या बाटलीत तळाला भाजून गार केलेले तांदूळ, वर कागदाच्या पुडीत बी, घट्ट झाकण, आणि बाटली फ्रिजच्या दारात. पुडीवर नाव आणि तारीख. नाव न लिहिता ठेवलेल्या तीन पुड्या माझ्याकडे अजून आहेत. फेकवत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नागालँडला नोकरीला आहे. त्याने तिथली ती प्रसिद्ध मिरची आणली. बी पेरून वीस दिवस झाले, एकही अंकुर नाही. दोनदा उकरून बघितलं. फेकून देऊ? – डिचोली

उत्तर : उकरणं आधी थांबवा. तुमच्या मुलाने आणलेली नागा मिरची म्हणजे भूत जोलकियाची सख्खी बहीण. २००७ साली भूत जोलकियाची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंद झाली होती. मग त्याहून तिखट कॅरोलिना रीपर आली, आता पेपर एक्स. तिखटाच्या त्या शर्यतीत मला रस नाही, पण रुजण्याच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे : ही आपल्या मिरसांगेहून वेगळी जात. आपली आठ-दहा दिवसांत वर येते, ही दोन ते चार आठवडे घेते, कधी जास्त. माझ्या वहीत पहिला अंकुर सव्विसाव्या दिवशी आहे, आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं.

पुढच्या खेपेला रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या डोक्यावर ठेवा. पेपर ओलसर हवा, ठिबकता नको. रोज डबा उघडून वारा द्या. पांढरं मूळ मोहरीएवढं दिसलं की चिमट्याने उचलून अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. यात उकरायची हौसही भागते.

बी काढताना हातमोजे घाला. तिखट बियांत असतं असं म्हणतात, ते खरं नाही. ते बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतं, बियांना फक्त लागतं. लागलंच तर नुसत्या पाण्याने जात नाही, पसरतं. हाताला आधी खोबरेल चोळा, मग साबण. आणि त्या दिवशी डोळ्यांत काजळ घालू नका. हे मी का लिहिते ते विचारू नका.

प्रश्न : बीजपत्रं उघडतच नाहीत. शेंड्यावर बियांचं टरफल टोपीसारखं अडकलंय. ओढून काढू? – फोंडा

उत्तर : ओढू नका, मान तुटेल. संध्याकाळी टोपीवर पाण्याचा एक थेंब ठेवा, तासाभराने मऊ झाली की दोन टाचण्यांनी सोडवा. बी फार वर पेरलं की असं होतं. अर्धा-एक सेंटिमीटर माती वर असली की तीच टोपी उतरवून घेते.

प्रश्न : दुकानाच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची टांगतो. त्या मिरच्यांचं बी फुकट मिळेल म्हणून पेरलं. काहीच नाही. – म्हापसा

उत्तर : हिरव्या मिरचीतलं बी बहुतेक कोवळंच असतं. दृष्ट काढायला पुरेल, रुजायला नाही.

प्रश्न : आम्ही एवढी खटपट करून चार रोपं वाचवली. आणि आमच्या न्हाणीमागे, कुणी न लावता, बारक्या तिखट मिरचीची आठ झाडं आली आहेत! असं कसं? – साखळी

उत्तर : लावली आहेत, बुलबुलाने. मिरचीचं तिखट आपल्या तोंडाला भाजतं, पक्ष्यांना ते जाणवतच नाही. म्हणून ते लाल मिरची गट्ट करतात आणि बी अख्खंच्या अख्खं दुसरीकडे टाकतात. उंदरा-घुशींना मात्र तिखट लागतं, त्यामुळे बी चावून वाया घालवणारे आपोआप लांब राहतात.

पण हिशेब पुरा करा. आठ उगवलेली दिसली. त्या बुलबुलाने टाकलेल्या किती गेल्या ते कुणी मोजलं? न्हाणीमागे ज्या आल्या, तिथे सकाळचं कोवळं ऊन असणार आणि पाणी वाहून जायला उतार असणार. जाऊन बघा, आणि पुढची करटी नेमकी तिथेच टांगा. आणि त्यातल्या एका झाडाच्या दोन लाल मिरच्या पाकिटात घालून मला पाठवा. पाकिटावर नाव आणि तारीख लिहून.